उंबऱ्यावरचं माप

१

रविवारी सकाळी तांदळाचा डबा भरणं हे दत्तप्रसादचं खातं. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या फ्लॅटात बाकीची सगळी खाती विभावरीकडे होती. काय शिजायचं, कोणाकडे जायचं, कोणाशी किती बोलायचं, सगळं तीच ठरवायची. पण सुपरमार्केटातून तांदळाची पिशवी आणायची, पार्किंगमधून खांद्यावर टाकून वर न्यायची आणि स्वयंपाकघरालगतच्या चिंचोळ्या स्टोअररूममधल्या स्टीलच्या डब्यात ओतायची, हे काम वर्षानुवर्षं त्याचं होतं. ओततानाचा सरसर आवाज त्याला फार आवडायचा. विभावरी बाहेरून ओरडायची, "ओता आणि या बाहेर. सांडलेले दाणे मलाच झाडावे लागतात."

त्या रविवारी त्याने झाकण काढलं, तर डबा काठोकाठ भरलेला होता.

"विभा, डबा तू भरलास?"

"मी? ती पोती उचलायला माझी कंबर काय भाड्याची आहे?"

मग गेल्या रविवारी आपण जास्तच ओतलं असेल, आठवडाभर भातही कमी झाला असेल, असं त्याने मनाशी ठरवलं. दत्तप्रसाद प्रदर्शनांचे मांडव उभारणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. हिशेब जुळत नसला तर चूक हिशेबात असते, अशी त्याची साधी समजूत. तरीही त्याने हात आत घातला. दाणे थंड होते आणि बोटांना चुलीच्या धुराचा वास लागला. त्या घरात आयुष्यात कधी चूल पेटली नव्हती.

"बाबा, तू आत नको येऊस हं. तांदूळ मीच काढत जाईन."

स्टोअररूमच्या दारात शुभ्रा उभी होती. त्याची एकुलती एक मुलगी. जन्म दुबईचा, शाळा दुबईची. गेली वीस वर्षं आईबापांनी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घराचा रिवाज होता. शाळेत जायला लागण्याआधी तेवढी ती अशी गोड, पूर्ण वाक्यांत मराठी बोलायची. जानेवारीत तिचं लग्न होतं. मुलगा अंकुर, चांगला, ओळखीतला. घर तीन इमारती सोडून पलीकडे. बाप म्हणून दत्तप्रसादचं आता एकच मागणं उरलं होतं: पोरगी आहे तशी, अख्खी, हसतखेळत तिच्या घरी जावी.

"बघ, शिकतेय हो संसाराचं," तो विभावरीला म्हणाला.

पुढच्या रविवारीही डबा भरलेलाच होता.

२

ह्या सगळ्याच्या आधी काय घडलं होतं, ते आता सांगायला हवं.

इंडोनेशियात जावा बेटाच्या पश्चिम अंगाला सुंदानी शेतकऱ्यांची छोटी छोटी गावं आहेत, डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर भातशेती करणारी. हिवाळ्यात भरणाऱ्या एका मोठ्या जत्रेसाठी कोणा क्लायंटला तसलं गाव हवं होतं. तेही खोटं नको, खरं. म्हणून तिकडच्या एका एजंटकडून एक जुनं घर विकत घेतलं गेलं, सुटं केलं गेलं आणि कंटेनरमध्ये भरून कंपनीच्या अल क्वोजमधल्या गोदामात येऊन पडलं.

अक्रम सुतार आणि त्याच्या माणसांनी ते पुन्हा जोडलं. दगडांवर टेकलेले लाकडी खांब, विणलेल्या बांबूच्या भिंती, वर काळ्या तंतूंचं जाड छप्पर. खिळा एकही नाही, सगळं बांबूच्या खुंट्यांवर. अक्रम पेशावरकडचा, हाताने कसबी आणि तोंडाने फटकळ. "दत्ता भाई, ये घर खुद ही जुड़ रहा है," तो दुसऱ्या दिवशीच म्हणाला होता. आत एक बसायची खोली, मागे चूल, आणि चुलीशेजारी ठेंगण्या दाराची एक अंधारी खोली. तांदळाची खोली. तीत मातीचा एक रांजण होता आणि रांजणाच्या तळाशी ओंजळभर जुना, लालसर तांदूळ समुद्र ओलांडून तसाच आला होता. घरापुढे होडीसारखं लांब लाकडी उखळ आणि त्यावर टेकवलेली चार मुसळं. भोवती प्लॅस्टिकची भातरोपं आणि मागे छापील डोंगर.

शुभ्रा त्याच कंपनीत डिझायनर. गावाची माहिती सांगणारे फलक ती करत होती. मदतीला इमास नावाची एक बाई होती. मूळची सुंदानी गावातली, पण पंधराव्या वर्षी गाव सोडून आलेली आणि शेजारच्या अमिरातीत, रास अल खैमाच्या एका हॉटेलात नोकरीला लागलेली. जत्रेत पाहुण्यांना टोपल्या विणून दाखवायला तिला आणलं होतं. तिला विणता येत नव्हतं, ते तीही इथेच शिकत होती.

घर पुरं झालं त्या दुपारी सगळे खुशीत होते. आणि दत्तप्रसादला चेव आला.

"अरे, नवं घर! असंच कसं शिरायचं आत?" त्याने रांजणातला लालसर तांदूळ नारळाच्या करवंटीत भरला आणि दाराच्या फळीवर, अगदी उंबऱ्यावर ठेवतात तसा, ठेवला. "शुभ्रा, ये. माप ओलांड. तालीम होऊन जाऊ दे."

"बाबा, सो सिली," शुभ्रा हसत म्हणाली, पण बूट काढून पुढे झाली. सगळ्यांनी मोबाइल वर केले. तिने उजव्या पायाने करवंटी अलगद लवंडली, तांदूळ आत बांबूच्या जमिनीवर सांडला आणि ती तो ओलांडून घरात गेली. टाळ्या पडल्या. अक्रमने शिटी मारली.

इमासने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती गुडघ्यांवर बसली आणि तोंड घट्ट मिटून एकेक दाणा वेचू लागली. बरेचसे दाणे बांबूच्या फटींतून खाली गेले होते. त्यांच्याकडे ती नुसतीच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं.

रात्री जेवताना विभावरीने व्हिडिओ पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, माप लग्नानंतर सासरी ओलांडतात. एकदाच. तो काय खेळ आहे?"

"अगं, गंमत केली."

"गंमत करायला दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?"

३

डिसेंबर लागला. क्लायंटने पैशांची कारणं सांगून जत्रेतलं गाव पुढे ढकललं आणि ते घर गोदामातच उभं राहिलं. शुभ्राचे फलक मात्र संपेनात. ती रोज अल क्वोजला जायची आणि संध्याकाळी परत यायची ती केसांना धुराचा वास घेऊन.

"सिगारेट तर नाही ना ओढत?" विभावरीने नवऱ्याला कुजबुजत विचारलं.

"छे गं. जुन्या लाकडांचा वास आहे तो."

तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक बारीक चिरा दिसायला लागल्या. दत्तप्रसादने हात धरून विचारलं, तर म्हणाली, "कागद लागला, बाबा." कागद बोटांच्या मध्ये कसा लागतो, हे त्याला कळेना. पण लग्नाच्या मुलीला किती टोकायचं?

मग एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे वासुदेव भेटले. निवृत्त, मिश्कील गृहस्थ. "काय हो, लग्नाचा मसाला घरीच कुटताय वाटतं? पहाटे पहाटे धाड धाड सुरू! वहिनींच्या हाताला जोर आहे हं."

"आमच्याकडे नाही हो. आमच्याकडे मिक्सर आहे."

"मग वरून येतंय म्हणता? नाही, नाही. तुमच्या स्वयंपाकघरातूनच. आणि एक बाई नाही कुटत. तीन-चार जणी आहेत, एकीनंतर एक. ताल मस्त आहे, म्हणून मी तक्रार करत नाही," असं म्हणून वासुदेव हसत हसत उतरून गेले. दत्तप्रसादही हसला. घरी येऊन त्याने स्टोअररूमचा दिवा लावला आणि डब्यासमोर उभा राहिला. डब्याच्या भोवती फरशीवर कोंडा पडलेला होता. तपकिरी, ताजा, बोटांत घेतला तर किंचित ओलसर कोंडा. विभावरीच्या घरात फरशीवर कोंडा! त्याने तो कागदात गोळा केला आणि तिला दिसण्याआधी टाकून दिला.

त्या दिवशी जेवताना शुभ्रा बोलत होती. हल्ली ती पुष्कळ बोलायची, आणि सगळं मराठीत. विभावरी कौतुकाने ऐकत बसली होती.

"...पहाटे धुकं इतकं असतं ना आई, की समोरच्या घराची चूल नुसती लाल दिसते. मग झऱ्यावर उतरायचं. उतरताना मधला एक दगड हलतो, म्हणून डाव्या अंगाने जायचं. तळ्यातल्या माशांना कोंडा टाकायचा. दुपारी शेतात. विळा मुठीत लपवायचा, एवढाच असतो तो, आणि एकेक कणीस बोटांत धरून कापायचं. भाताला तो दिसता कामा नये. घाबरतं ते. आणि सूर्य कलला की पोरांना घरात घ्यायचं. दारं लावायची. मग कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

"किती छान अभ्यास केलाय गं," विभावरी म्हणाली.

"हे सगळं कुठे वाचलंस?" दत्तप्रसादने विचारलं.

शुभ्राने घास खाली ठेवला. तिने खरोखर आठवून पाहिलं. तिला आठवेना, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि त्याला भीती वाटली. "वाचलं असेल," ती म्हणाली. "आई, तांदूळ काढताना बोलत नको जाऊस."

४

माणूस शहाणा असला की भीतीवर उपाय म्हणून तो तपासणी करतो. दत्तप्रसाद दुसऱ्या दिवशी अल क्वोजला गेला. शुभ्रा सुट्टी घेऊन आईबरोबर साड्या आणायला गेली होती. अक्रमची माणसं नमाजाला गेलेली. गोदामात एसीची घरघर सोडली तर कसलाच आवाज नव्हता.

तो घरासमोर उभा राहिला. उखळात हात घातला. आत कोंडा होता आणि लाकूड कोमट होतं. कोणीतरी गंमत म्हणून कुटलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. मजूर आहेत, कंटाळतात.

बूट काढून तो आत गेला. बांबूची जमीन पावलाखाली दबून कुरकुरली. तो थांबला. जमीन आणखी एकदा कुरकुरली, मागे, चुलीच्या बाजूला. बांबू आहे, एका ठिकाणी दाबला की दुसरीकडे वाजतो. ही जोडणी आपणच तपासली आहे. तो आणखी दोन पावलं चालून मुद्दाम थांबला. तिकडेही कोणी तेवढंच चालून थांबलं.

जमिनीच्या फटींत चिखल होता. ओला, काळा, त्यात गवताची हिरवी पाती. दुबईच्या उन्हात गोदामाबाहेर नुसती धूळ आणि डिझेल. तो चिखल ओला राहील तरी कसा? एसीचं पाणी गळत असेल. त्याने वर छपराकडे पाहिलं. ते कोरडं ठणठणीत होतं.

तांदळाच्या खोलीच्या ठेंगण्या दारावर आता कापडाचा पडदा होता. तो त्याने लावलेला नव्हता. खोलीची लांबी, रुंदी, उंची त्याला पाठ होती. दोन माणसं दाटीवाटीने बसतील एवढीशी जागा. वाकून पडदा सारायचा, एवढंच करायचं होतं. पण त्याचा गुडघा वाकेना. गुडघ्याचं दुखणं जुनं आहे, त्याने स्वतःला समजावलं, आणि कपाळावरचा घाम पुसला.

पडदा हळूच आत ओढला गेला आणि हळूच परत बाहेर आला. मग पुन्हा आत. एसीचा झोत इकडे येत नव्हता, हे त्याला माहीत होतं. पडद्याखालच्या फटीतून रांजणाचा पायथा दिसत होता. भोवती लाल तांदूळ ओसंडून सांडला होता आणि त्यात कोणाच्या तरी बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या.

तो पाठ न फिरवता, मागच्या मागेच बाहेर आला. गाडीत बसून शुभ्राला फोन लावला. तिने लगेच उचलला. "हं बाबा?" मागे दुकानाचा गलका, विभावरीचा आवाज, सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं.

"कुठे आहेस?"

"आईबरोबर. पण तू बूट विसरलास, बाबा."

त्याने खाली पाहिलं. तो मोज्यांवरच गाडीत बसला होता.

५

इमासला शोधत तो रास अल खैमाला गेला. हॉटेलच्या धुलाईच्या खोलीमागे, चादरींच्या ढिगांपाशी ती भेटली. त्याला पाहून तिला आनंद झाला नाही.

"मला काही माहीत नाही, सर," ती सिरियल बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाली. "मी लहानपणीच निघाले. आजी तांदूळ काढताना बोलायची नाही, श्वाससुद्धा रोखायची. पुरुष त्या खोलीत जायचे नाहीत. बस, एवढंच. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

"मग तू दाणे का वेचलेस?"

"तांदळाला पाय लागला म्हणून. आमच्यात असं कोणीच करणार नाही. वेडा माणूससुद्धा नाही करणार." मग तिनेच विचारलं, "सर, तुमच्यात का करतात? तांदळाला पाय लावला की तुमच्यात काय होतं?"

किती सोपं उत्तर होतं! मराठी घरातलं शेंबडं पोरही देईल.

"नवी नवरी घरात आली, असं होतं," तो शेवटी म्हणाला. "घर तिचं आणि ती घराची."

इमासने हातातल्या चादरीची घडी घातली. "मग तेच झालं असेल," ती म्हणाली. तिने ते सहज म्हटलं. वेगळं काही सुचलं नाही म्हणून म्हटलं. दत्तप्रसाद मात्र घरी येईपर्यंत गाडीत मोठ्याने स्वतःशी भांडत होता. विज्ञान शिकलेला माणूस मी, तो स्टिअरिंगवर हात आपटून म्हणत होता, करवंटीभर तांदळाने काय होतंय! आणि मध्येच त्याला रडू येत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने क्लायंटच्या मागे तगादा लावला. गाव नको असेल तर घर मोडून टाकू, गोदाम अडलंय, पावसाळी लाकूड आहे, किडेल. मंजुरी आली. पण नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची. त्याआधी माणसं मोकळी नव्हती.

"खलास करना है ना? हो जाएगा," अक्रम म्हणाला. "पहले बेटी की शादी का खाना तो खिलाओ."

घर मोडलं की संपलं, दत्तप्रसादने मनाशी गाठ मारली. तोवर पोरीला डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. त्याने गोदामाची किल्ली खिशात ठेवली आणि शुभ्राला अल क्वोजला जाऊ दिलं नाही. ती हट्टाला पेटेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती हसली. "मी कुठे जातेय बाबा," ती म्हणाली.

६

लग्न उत्तम झालं. शुभ्रा हिरव्या चुड्यात इतकी गोड दिसत होती की विभावरीने दोनदा दृष्ट काढली. अक्रम इस्त्रीचा पठाणी घालून आला, पंगतीत मनसोक्त जेवला आणि जाताना नवरीच्या हातात पाकीट देऊन "खुश रहो बेटा" म्हणाला. पाठवणीला विभावरी रडली, दत्तप्रसाद रडला. शुभ्रा त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, कम ऑन! थ्री बिल्डिंग्ज अवे!"

ते इंग्रजी ऐकून त्याला इतकं हायसं वाटलं की काय सांगावं. हीच ती. हीच आपली पोर.

संध्याकाळी अंकुरच्या घरी गृहप्रवेश. दारात अंकुरची आई, वीणाताई, ओवाळायला उभ्या. उंबऱ्यावर चांदीचं माप, त्यात पांढरेशुभ्र तांदूळ. आत देवघरापर्यंत नवं कोरं पांढरं कापड अंथरलेलं. दत्तप्रसाद जिन्याच्या कोपऱ्यात उभा होता.

शुभ्राने पाऊल उचललं. एक क्षण ते अधांतरी राहिलं आणि तिने मान वळवून बापाकडे पाहिलं. काहीतरी विचारावं तसं पाहिलं. मग तिने माप लवंडलं. तांदूळ खळकन आत सांडले. टाळ्या. दत्तप्रसादने इतका मोठा श्वास सोडला की विभावरीने त्याला कोपर मारलं.

"आता कुंकवाची पावलं," वीणाताई म्हणाल्या. परातीत दाट लाल पाणी होतं. शुभ्रा दोन्ही पावलं भिजवून उतरली आणि पांढऱ्या कापडावरून हळूहळू चालत देवघरापर्यंत गेली.

कापड पांढरंच राहिलं.

"अगंबाई, कुंकू कमी पडलं वाटतं!" कोणीतरी हसलं. "पाणी जास्त झालं," दुसरी म्हणाली. फोटोग्राफर कुरकुरला, "राहू द्या काकू, पावलं मी एडिटमध्ये टाकतो." वीणाताईंनी हात झटकला आणि सगळे पेढ्यांकडे वळले. एवढ्या गर्दीत परातीकडे फक्त दत्तप्रसादचं लक्ष गेलं. तीत थेंबभरही कुंकू उरलं नव्हतं. तळ कोरडा, चकचकीत होता. आणि देवासमोर मांडी घालून बसलेल्या शुभ्राचा तळवा शालूच्या काठाखालून दिसत होता. कोरडा, स्वच्छ, नुकता पुसल्यासारखा.

"पेढा घ्या हो," विभावरी म्हणाली. "सुटलो एकदाचे!"

त्याने पेढा घेतला.

७

सकाळी अल क्वोजच्या रस्त्यावर गाडीत असतानाच शुभ्राचा फोन आला. ती आणि अंकुर चहा करत होते, दूध उतू गेलं होतं, दोघं हसत होते. "बाबा, आय ॲम फाइन! तू ऑफिसला का निघालास? गो होम अँड स्लीप!"

"निघालोच आहे तर एक काम उरकतो," तो म्हणाला. "सुखी राहा."

फोन ठेवला तेव्हा तो खरोखर हसत होता. आज ते घर खाली आलं की त्या करवंटीचं, त्या चिखलाचं, सगळ्याचं नाव विसरायचं.

गोदामाचं कुलूप त्यानेच काढलं. किल्ली इतके दिवस त्याच्याच खिशात होती. अक्रमची दोन माणसं शिडी लावून छपरावर चढली आणि काळ्या तंतूंची पहिली जुडी सोडवू लागली. "एक बार अंदर देख लो, कुछ रखना है तो," अक्रम म्हणाला. पहार घेऊन तो पायरीवर पाय ठेवून उभा राहिला.

दत्तप्रसाद बूट काढून दारात गेला.

दाराच्या फळीपासून पावलं सुरू होत होती. लाल, ओली, कुंकवाची. बांबूच्या पट्ट्यांवर एकामागून एक उमटत ती चुलीपाशी गेली होती आणि तिथून वळून तांदळाच्या खोलीच्या पडद्याखाली नाहीशी झाली होती. आत जाणारीच होती. बाहेर येणारं एकही नव्हतं.

पावलांच्या कडेने तो पडद्यापर्यंत गेला आणि वाकला. ह्या वेळी गुडघा वाकला. पाऊल पूर्ण उमटलं होतं, टाचेपासून बोटांपर्यंत, मध्ये जराही खळगा न सोडता. शुभ्राचे तळवे लहानपणापासून सपाट. त्यासाठी खास बूट करून घेतले होते, तिला पहिलीपर्यंत ते आवडायचे नाहीत, आणि रोज सकाळी बाबानेच ते घालायचे असा तिचा हट्ट असायचा. ती पावलं हजारांत ओळखणारा माणूस जगात एकच होता.

वर छपराची जुडी निघाली आणि उजेडाची एक तिरीप आत आली. पडदा किंचित हलला. फटीतून रांजणाचा काठ दिसला आणि त्यावर एक हात. मेंदी गडद रंगलेली. मनगटात हिरवा चुडा. बोटांच्या बेचक्यांत बारीक चिरा. हात रांजणात जात होता, मूठ भरून वर येत होता, आणि चुडा जराही वाजत नव्हता.

"शुभ्रा?"

हात थांबला. उत्तर आलं नाही. तांदूळ काढताना बोलत नाहीत, हे त्याला आठवलं. तो थांबून राहिला. हाताने उरलेली मूठ भरली, कुठेतरी ओतली. सरसर आवाज झाला, घरात खायला असल्याचा. मग पडद्यामागून ती बोलली. शाळेत जाण्याआधी बोलायची तशी, गोड, पूर्ण वाक्यात.

"बाबा, तू आत नको येऊस हं. मी काढते तांदूळ."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. दत्तप्रसाद दाराशी आला आणि फळीवर बसला. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"दत्ता भाई? यल्ला, शुरू करें?"

"छतवालों को नीचे बुला," दत्तप्रसाद म्हणाला. "जो निकाला है, वापस लगाओ."

"क्यों? अंदर कोई है?"

वर तंतूंची जुडी हातात धरून उभे असलेले दोघे जण खाली बघायला लागले होते. दत्तप्रसादने डोळे पुसले.

"बेटी है मेरी," तो म्हणाला. "ब्याह के आई है इस घर में."

कालच पंगतीत जेवलेला, तिच्या हातात पाकीट ठेवून आलेला अक्रम त्याच्याकडे बघत राहिला. मग आतून चुडा एकदा वाजला, आणि अक्रमने पायरीवरचा पाय हळूच खाली घेतला.